मंगळवारची रांग

७ जानेवारी, मंगळवार

समाजसेवा यंदापासून सक्तीची झाली. समन्वयक मॅडम म्हणाल्या, सेवा मनापासून हवी. मग म्हणाल्या, मनापासून न करणाऱ्याचे श्रेयांक कापले जातील. मी हसलो. मला पहिल्या बाकावर आणून बसवलं.

झाडं लावण्याचा गट भरला होता. खड्डे गेल्या वर्षीचेच आहेत, झाडं तेवढी नवी. भिंत रंगवण्याचा गटही भरला होता. भिंतही गेल्या वर्षीचीच. उरला सरकारी दवाखाना. तिथे जायचं, समाजाची एक समस्या शोधायची, तिच्यावर उपाय द्यायचा. जोडीला कायदा शिकणारी एक मुलगी मिळाली. दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात तिने माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त केलं. मी तिला मनात वकीलीण म्हणायला लागलो. परतताना तोंडावर म्हणालो. तिने तेही दुरुस्त केलं: अजून सनद मिळालेली नाही.

समस्या शोधावी लागली नाही. ती औषधखिडकीपासून निघून वळसा घेऊन जिन्याखाली गेली होती. इथे गोळ्या एका आठवड्याच्याच देतात. त्यामुळे रक्तदाबवाले, साखरवाले सगळे म्हातारे दर मंगळवारी येतात, उभे राहतात, बाकावर टेकतात, सरकतात. खिडकीत कंपाउंडर बसतो. त्याला कुणाचीही घाई नसते, स्वतःचीही नाही.

मी व्यवस्थापन शिकतो. रांग दिसली की मला कुठे गळती आहे ते दिसतं. इथली गळती म्हणजे एक म्हातारी. कडक इस्त्रीचे कपडे, खांद्याला पर्स, चेहऱ्याला पावडर. खिडकी जवळ आली की मागच्याला म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." तिच्या शेजारचा म्हातारा, तोही तिच्याबरोबर मागे. अशी परोपकारी माणसं यंत्रणेचा घात करतात. त्यांचं बोलणं कानावर पडलं.

"आज उशीर केलात."

"पायात गोळा आला होता, बाई."

"पाय मला नका दाखवू. डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टरकडे एवढा वेळ कुठे असतो."

बिचारे. डॉक्टर रुग्णांना पुरेसा वेळ देत नाहीत, असं टिपून ठेवलं.

९ जानेवारी, गुरुवार

उपाय तयार. नाव: औषध आपल्या दारी. मंगळवारी सकाळी आम्ही विद्यार्थी सगळ्यांचे केसपेपर घेऊन एकदम औषधं उचलायची आणि सायकलवरून घरोघरी पोचवायची. रांग खलास.

"त्यांना विचारलंस?" वकीलीण म्हणाली.

"ताटकळलेल्या माणसाला विचारायचं, की बाबा, घरी बसायला आवडेल का?"

"हो. त्याला संमती म्हणतात."

"आमच्यात त्याला वेळेचा अपव्यय म्हणतात."

मॅडमना कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती स्वतःचीच असल्यासारखी मला समजावून सांगितली. कंपाउंडर म्हणाला, "करा काय करायचं ते. खिडकीत डोकं घालू नका, उजेड जातो."

आईला फोन केला. ती म्हणाली, "घरी स्वतःचा पेला उचलत नाहीस आणि गावाची औषधं वाहणार. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बरा पुढे असतोस." मी म्हणालो, श्रेयांक असतात. ती म्हणाली, "मीही देते. ये घरी."

१४ जानेवारी, मंगळवार

रांगेत नावनोंदणी. बरेच जण लगेच हो म्हणाले. एक आजोबा कशाला ते न विचारताच हो म्हणाले आणि मग विचारलं, मत कुणाला द्यायचंय.

पावडरवाल्या आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आवाज अजून तसाच आहे. "बोला," म्हणाल्या की आपण काय बोलणार होतो ते विसरायला होतं.

"आजी, पुढच्या आठवड्यापासून तुम्हाला रांगेचा त्रास नाही."

"मला रांगेचा त्रास नाहीच."

"औषध घरी येईल."

"मग मी काय करू?"

"आराम."

"तो खूप झालाय, बाळा."

शेजारचा म्हातारा टेलर आहे. दुकान बंद केलं, नजर बंद झाली नाही. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "शर्ट कुणी शिवला? त्याच्यावर केस करा." वकीलीण हसली. माझ्या विनोदांना ती हसत नाही.

टेलरही नको म्हणाला. "एकटा माणूस मी. औषध घरी आलं तर दार कोण उघडणार?"

"तुम्हीच."

"तेच म्हणतोय."

या पिढीचा हाच घोळ. दुसऱ्याला त्रास नको म्हणून स्वतः झिजतील. टेलरच्या घरी विचारायला कुणी नाही. आजींच्या केसपेपरवर घरचा नंबर होता. संध्याकाळी फोन केला. सून होती. एका दमात हो म्हणाली. गेल्या वर्षी आजींना रस्त्यात चक्कर आली होती. तेव्हापासून मंगळवार उजाडला की हिचं ऑफिसात लक्ष लागत नाही. "घरी नुसतं बसा म्हटलं तर ऐकत नाहीत हो. तुम्ही देवासारखे भेटलात." मुलगा जहाजावर असतो, त्यामुळे काळजीची सगळी खाती हिच्याकडेच.

वकीलीण म्हणाली, "त्या नाही म्हणाल्या होत्या."

"घरचे हो म्हणाले."

"त्या काय तिसरीत आहेत?"

गरजू माणूस बोलत नाही तिथे आपण बोलावं लागतं, हे तिला अजून कळत नाही. तिने एक नियम मात्र माझ्या गळ्यात मारला: कुणाचा पत्ता, फोन, आजार दुसऱ्या कुणालाही सांगायचा नाही. शपथ घ्यायला लावली. मी म्हणालो, कशावर हात ठेवू. म्हणाली, तोंडावर.

२१ जानेवारी, मंगळवार

पहिली फेरी फत्ते. एकदा सायकलची साखळी पडली, एकदा मी.

आजींनी दार उघडलं तेव्हा त्या बाहेर जायच्या कपड्यांत होत्या. पर्स खांद्याला. सून ऑफिसात गेली होती.

"कुठे निघालात?"

"आता कुठेच नाही."

पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाल्या, गोळ्यांचा रंग वेगळा दिसतो, दवाखान्यात जाऊन विचारायला हवं. मी तिथल्या तिथे कंपाउंडरला फोन लावला, जुनी पट्टी मागितली, दोन्ही शेजारी ठेवून रंग एकच असल्याचं दाखवून दिलं. आजी बराच वेळ पट्ट्यांकडे पाहत राहिल्या.

"काम फार चोख आहे तुझं," म्हणाल्या.

पहिली शाबासकी. लिहून ठेवतो.

दवाखान्यात परतलो तर टेलर बाकाच्या एका टोकाला बसलेला, शेजारी त्याची पिशवी. एका बाईंनी पिशवी उचला म्हटलं तर म्हणाला, इथे माणूस आहे.

"बाई दिसल्या नाहीत आज," मला म्हणाला.

मी सगळी योजना सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"म्हणजे पुढच्या मंगळवारी येतील."

"नाही, नाही. आता त्यांना कधीच यावं लागणार नाही."

"वा," टेलर म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "राहतात कुठे त्या?"

नियम. नाही सांगितलं. वकीलिणीला माझा अभिमान वाटला असता, पण ती तिथे नव्हती.

"मग निरोप तरी द्या. म्हणावं, जागा धरून ठेवली आहे."

मी त्याला पुन्हा समजावलं, की जागेची आता गरजच राहिलेली नाही. म्हाताऱ्या माणसांना एक गोष्ट दोनदा सांगावी लागते.

२८ जानेवारी, मंगळवार

आजी म्हणाल्या, डॉक्टरांनी समक्ष येऊन रक्तदाब दाखवायला सांगितलाय. मला असं काही होणार याचा अंदाज होता. परिचर्या शिकणारी एक मुलगी यंत्रासकट बरोबरच आणली होती. सोफ्यावर बसवून रक्तदाब घेतला. वाढलेला निघाला.

"वाढणारच," आजी म्हणाल्या.

सून आज घरी होती. तिने चहा केला. चहा पिताना निरोपाची आठवण झाली.

"आजी, ते टेलर तुमची चौकशी करत होते. जागा धरून ठेवली आहे म्हणाले."

सून म्हणाली, "कोण टेलर, आई?"

"मला काय ठाऊक. गावात टेलर थोडे आहेत?"

"आणि जागा कसली?"

"माझ्या वयाच्या माणसाला कसली जागा धरतात? स्मशानातली असेल."

हे म्हणताना त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही. ज्या माणसाशी त्या तासन्‌तास बोलत होत्या, तो त्यांना आठवतसुद्धा नाही. जिन्यात मी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, की ही विस्मरणाची सुरुवात असू शकते. हात थरथरणं, माणसं न ओळखणं. एकटं बाहेर सोडू नका. ती बिचारी रडकुंडीला आली. मी धीर दिला.

वकीलीण खाली सायकलींजवळ होती. तिला हे सांगितलं तर ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. बहुतेक माझं निरीक्षण तिला पटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गेल्या आठवड्यात चाचणी परीक्षा. वाटपाचं काम दुसऱ्यांवर सोपवलं होतं. कुणाची साखर कुणाला दिली नाही, एवढं त्यांचं पुण्य.

आकडे छान आहेत. दवाखान्याच्या बोळात आता बाक रिकामे असतात. मॅडमनी वार्षिक समारंभात आमचा प्रकल्प दाखवायचं ठरवलं आहे. लाभार्थ्याचं मनोगत हवं, म्हणजे व्हिडिओ. आवाजामुळे मी आजींना निवडलं.

सुनेने त्यांचं संध्याकाळचं फिरणं बंद केलंय. फाटकापर्यंतसुद्धा नाही. स्मरणशक्तीसाठी शब्दकोडी आणून दिली आहेत. आजींनी सगळी कोडी सोडवून टाकली आहेत, शाईने. मला दारात पाहून म्हणाल्या, "भीक नको पण कुत्रं आवर."

"कुणाबद्दल म्हणताय?"

"टेलिफोन कंपनीबद्दल."

व्हिडिओसाठी त्या खिडकीपाशी बसल्या, कॅमेऱ्यात सरळ पाहून स्वच्छ शब्दांत बोलल्या: "या मुलांमुळे मला आता घराबाहेर पडावं लागत नाही. मंगळवार कधी येतो आणि कधी जातो, कळत नाही."

"सुंदर. एकदा पुन्हा म्हणता? जरा आनंदाने?"

वकीलिणीने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. परतताना ती सायकल माझ्या खूप पुढे चालवत होती. मॅडमना मात्र व्हिडिओ आवडला. त्या म्हणाल्या, डोळ्यांत पाणी येतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

औषधं घ्यायला खिडकीशी गेलो. कंपाउंडर म्हणाला, "टेलर तीन मंगळवार आला नाही. पायावर सूज होती त्याच्या. गोळी बंद केली तर तो काही फार दिवस काढायचा नाही."

"त्यांचंही नाव घालू का घरपोच यादीत?"

कंपाउंडरने हातातली बाटली खाली ठेवली. "तू खरंच असा आहेस का वेड पांघरतोस?"

"म्हणजे?"

"अरे, ती दोघं किती वर्षं या रांगेत भेटतात माहीत आहे? बाई पावडर लावून काय माझ्यासाठी येत होती? नंबर आला की मागच्याला पुढे सोडायची. शेवटी दुपार झाली की मीच ओरडायचो, बाई, आता तरी घ्या, मला जेवायचंय. त्यातही मी गोळ्या हुडकायला वेळ लावायचो. समोर असल्या तरी. आता बसतो माशा मारत."

मी वकीलिणीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, तुलाही माहीत आहे आणि तू निर्दयी आहेस. तू नुसता बावळट निघालास."

"सांगायचं नाही का?"

"संमतीचं सांगितलं, ते ऐकलंस? शिवाय सांगणार काय? त्या स्वतः कुणाला सांगत नाहीत, ते मी चारचौघांत बोलू?"

मग मला मी बोललेलं एकेक आठवायला लागलं. सुनेसमोर दिलेला निरोप. जिन्यातलं विस्मरण. 'जरा आनंदाने'. मी खिडकीच्या कट्ट्यावर डोकं ठेवलं. कंपाउंडर म्हणाला, उजेड जातो.

दुपारी गोळ्या घेऊन टेलरकडे गेलो. बंद दुकानाच्या वरची खोली. शिलाई मशीनवर चादर. पाय बादलीत सोडून बसला होता.

"औषध न्यायला का येत नाही?"

"रांगेत करमत नाही."

"रांगेत करमायचं असतं का?"

"तुम्हाला नाही कळायचं," तो म्हणाला. रागाने नाही. "तुम्ही तरुण. भेटायला तुम्हाला बाग आहे, चहाची टपरी आहे, काही नाही तर जिना आहे. आम्हाला कारण लागतं. माझ्या वयाचा माणूस कुणाच्या दारात जाऊन काय सांगणार, गप्पा मारायला आलोय? आजारी असलं की कुणी विचारत नाही."

गोळी त्याने माझ्यासमोर घेतली. "बाईंची तब्येत?" विचारलं.

नियमाप्रमाणे आजार सांगायचा नाही. मी म्हणालो, "कोडी सोडवतात."

"म्हणजे बरी नाही," टेलर म्हणाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वकीलिणीशी सल्लामसलत. म्हणजे ती बोलली, मी ऐकलं. सुनेला खरं सांगायचं नाही. सून वाईट नाही, पण खरं कळलं की ती जहाजावर फोन करेल, आणि मग पोरगा, नातेवाईक, शेजारपाजार. आजींना तोंड लपवायची पाळी येईल. तेव्हा एकच उपाय: खोटं.

"तू कायदा शिकतेस ना?"

"लेखी खोटं हा गुन्हा. तोंडी खोटं हे सौजन्य. तू जा."

मी सुनेला जाऊन सांगितलं, की नियम बदललाय, आता रुग्णाने स्वतः आल्याशिवाय औषध मिळणार नाही. आणि विस्मरणाचं मी म्हणालो होतो ते साफ चुकीचं होतं, मी डॉक्टर नाही, मी व्यवस्थापनवाला आहे.

"कोडी एवढी पटापट सोडवतात, तेव्हाच मला शंका आली," सून म्हणाली. "पण एकट्या नकोत. मी रजा काढून बरोबर येते."

आजी आत शब्दकोडं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पान उलटलं नाही, लिहिलंही नाही.

टेलरला कळवायचा प्रश्न होता. वकीलीण म्हणाली, कुणाची माहिती द्यायची नाही असा नियम आहे. मंगळवार ही काही कुणाची माहिती नाही. मी टेलरला जाऊन सांगितलं, मंगळवारी औषध घ्यायला या. त्याने विचारलं, आणखी कोण येणार? मी म्हणालो, मंगळवार येणार. त्याने चादर ओढून मशीन मोकळं केलं आणि शर्टाचं कापड शोधायला लागला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सत्यानाश.

आजी आणि सून बसने आल्या. आजींच्या चेहऱ्यावर पावडर. दारातून आत आल्या आणि थांबल्या. बोळ रिकामा. बाक रिकामे. जिन्याखाली एक मांजर. माझ्या प्रकल्पाने रांगच खाल्ली होती.

खिडकी समोर, मध्ये कुणीही नाही. कंपाउंडरने हातभार लावला. चष्मा पुसला. एक खण उघडला, दुसरा उघडला, खाली वाकला, बराच वेळ खालीच राहिला. सून म्हणाली, "अहो, गोळ्या तुमच्या समोरच आहेत की." आहेत खऱ्या, असं म्हणून त्याने त्या दिल्या.

दोघी वळल्या तेव्हा टेलर दारातून आत येत होता. नवा शर्ट. भराभर चालण्याच्या नादात लंगडत होता.

"बरं आहे ना?"

"बरं आहे. पाय?"

"आहे जागेवर."

सून म्हणाली, "ओळखीचे?"

"इथलेच," आजी म्हणाल्या.

बस लागलेली होती. सून मला लांबूनच म्हणाली, "कमाल केलीत हो तुम्ही. दोन मिनिटांत काम. मी उगीच घाबरत होते. आता दर मंगळवारी मीच आणत जाईन त्यांना, ऑफिसच्या वाटेवरच आहे. रजासुद्धा नको."

टेलर बाकावर बसला. पिशवी शेजारी ठेवली नाही, मांडीवर घेतली.

"दोन मिनिटं," वकीलीण म्हणाली. "अभिनंदन."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वकीलीण कालपासून यादीतल्या घराघरांत जाऊन विचारते आहे, तुम्हाला हे हवं आहे का. जे आम्ही पहिल्या दिवशी करायला हवं होतं. अंथरुणाला खिळलेले हो म्हणाले, गुडघेवाले हो म्हणाले. त्यांचं घरपोच चालू राहणार. काही जण म्हणाले, खरं सांगायचं तर आम्हीच येत होतो ते बरं होतं. एक आजोबा म्हणाले, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तुम्ही पोरं इतकी घामाघूम होऊन येत होता.

म्हणजे ते आमच्यावर उपकार करत होते.

तरी रांग पुरेशी लांब होणार नाही. सून कंटाळून ऑफिसला निघून जाईल एवढी लांब हवी. मी भिंतवाल्या गटाकडे गेलो. त्यांची भिंत संपली आहे आणि सेवेचे तास उरले आहेत. काम समजावलं: दवाखान्यात जाऊन उभं राहायचं.

"आणि?"

"आणि काही नाही."

"हे आम्हाला जमेल," त्यांचा म्होरक्या म्हणाला.

वकीलिणीची अट: खरा आजारी आला की त्याला लगेच पुढे सोडायचं. कुणाचा खोळंबा करायचा नाही, एक सून सोडून.

मॅडमना सांगणं भाग होतं.

"मॅडम, आम्ही रांग पुन्हा लावतोय."

"रांग ही समस्या आहे. तूच लिहिलं आहेस."

"चूक लिहिलं."

"आणि समारंभ? तो व्हिडिओ?"

"तो दाखवू नका. त्या खरं बोलल्यात त्यात."

मॅडमना काही कळलं नाही, आणि कळावं असं मी काही सांगितलंही नाही. आजींचं गुपित श्रेयांकांवर ओवाळून टाकायचं नाही, असं वकीलिणीने बजावलं होतं; बजावलं नसतं तरी मी सांगितलं नसतं. मॅडम म्हणाल्या, उभं राहण्याचे श्रेयांक देण्याची सोय विद्यापीठात नाही. पुढच्या वर्षी भिंत घे.

४ मार्च, मंगळवार

सकाळी बोळ भरला. जुने म्हातारे परतले होते, बाकावरच्या जागांवरून त्यांची भांडणं सुरू झाली होती. मध्ये मध्ये भिंतवाले. खोकायची गरज नाही असं सांगूनही एक जण खोकत होता. दुसरा नाटकात काम करतो. तो लंगडत आला, आणि फोन आल्यावर दुसऱ्या पायाने लंगडायला लागला. मी वळणापाशी उभा होतो. वकीलीण माझ्यापुढे. तिचे श्रेयांकही बुडाले आहेत. मी म्हणालो, तुला यायची गरज नव्हती. ती म्हणाली, इथून उजेड बरा येतो, वाचता येतं. पुस्तक तिने उघडलं नाही.

टेलर आधीच आला होता. बाकावर बसून पायांकडे पाहत होता.

दोघी आल्या. सून दारातच थबकली. "बाई गं, आज काय जत्रा आहे?"

आजींनी रांगेवरून नजर फिरवली, खिडकीपासून शेवटापर्यंत, सावकाश. मग त्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. "सरकारी दवाखान्याचं हे असंच," त्या म्हणाल्या. "एक दिवस धड असतो का."

सून घड्याळ पाहायला लागली. रांग हलली नाही. कंपाउंडरने एका आजोबांना गोळ्या जेवणाआधी की नंतर हे समजावून सांगायला घेतलं, उदाहरणांसकट. सुनेचा फोन वाजला. ती हळू बोलली, मग आणखी हळू. फोन ठेवून पुढे येऊन डोकी मोजून गेली. परत आली.

"आई, साहेब ओरडतायत."

"मग जा की."

"तुम्ही एकट्या..."

"एकटी कुठे? एवढी माणसं आहेत."

"चक्कर आली तर?"

"दवाखान्यात आहे मी. याहून चांगली जागा कुठे मिळणार?"

सुनेने इकडेतिकडे पाहिलं. मी दिसलो. "तुम्ही आहात का इथे? लक्ष ठेवाल? बसमध्ये बसवून द्याल?" मी हो म्हणालो. खोटं बोलावं लागलं नाही. ती दारापर्यंत गेली, वळून पाहिलं, गेली.

आजी तशाच उभ्या होत्या. बस सुटल्याचा आवाज आला तेव्हा कुठे वळल्या. टेलर उठून उभा होता.

"बसा," त्या म्हणाल्या. "पाय सुजलेत आणि उभं काय राहता. गोळ्या बंद केल्या होत्या ना?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं. मला दिसत नाही का?"

"दोन मंगळवार बाक धरून बसलो, ते नाही दिसलं."

"घरात कोंडून ठेवलेल्या माणसाला भिंत दिसते. आणि हा दिसतो." मी. "सारखा पाकीट घेऊन."

टेलर सरकला. त्या बसल्या. पर्स मांडीवर, पर्सवर हात. मग दोघंही समोर खिडकीकडे पाहत बसली. मला धाकधूक, एवढं सगळं करून आता यांना बोलायलाच काही नसलं तर. वकीलीण पुटपुटली, "पाहू नकोस तिकडे. नाटक आहे का?"

मी पाठ फिरवली. मागून टेलरचा आवाज आला. "शर्ट कसा आहे?"

"बगलेत घट्ट आहे."

"तुम्हाला काय कळतं शिवणातलं."

"मग विचारता कशाला?"

आणि मग सुरू झालं ते थांबेना. जहाजावरचा मुलगा, मशीनचा पट्टा, कोड्यातला कुठला तरी अडलेला शब्द, सुनेच्या हातचा पांचट चहा, तरी बिचारी किती करते. खरे आजारी पुढे सरकत होते. आम्ही मागे सरकत होतो. मागे सरकण्याच्या एका फेरीत मी त्यांच्या बाकासमोर आलो. आजींनी मला नखशिखांत पाहिलं.

"तुला काय होतंय रे?"

"काही नाही. म्हणजे, अजून ठरवलं नाही."

"पोटाचं सांग," त्या म्हणाल्या. "दाताचं सांगितलंस तर लगेच आत घेतील."

टेलर खो खो हसला. त्याला ठसका लागला. आजींनी पर्समधून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली आणि त्याचं पिऊन होईपर्यंत झाकण हातात धरून बसल्या.

दुपारकडे बोळ रिता व्हायला लागला. त्या दोघांच्या पुढे फक्त आम्ही उरलो. भिंतवाले एकेक करून खिडकीशी जात, कंपाउंडरला काहीतरी विचारत, मागे येत. माझी पाळी आली.

"कागद?" कंपाउंडर म्हणाला.

"नाही."

"दुखतं काय?"

"काही नाही."

त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे बाकाकडे पाहिलं. आजी काहीतरी सांगत होत्या, दोन्ही हात हलवून, जुन्या एक्स्चेंजमधल्या तारा इकडच्या तिकडे जोडत असाव्यात तशा. टेलर मान खाली घालून ऐकत होता.

कंपाउंडरच्या जेवणाची वेळ होऊन गेली होती. त्याने डबा पुढ्यात ओढला, पुन्हा मागे सारला.

"मग इथे काय करतोस?" तो म्हणाला. "मागे जाऊन उभा राहा."

मी गेलो.